गाईसारखा गवय : वारसा, त्याची प्रत आणि पडदा



आजचा विषय आहे संग्रहालयं, जुन्या वास्तू आणि डिजिटल तंत्रज्ञान. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. यंत्रांबद्दल मी तुम्हाला काही नवं सांगू शकेन असं नाही, तुमच्यातली तरुण मंडळी त्या बाबतीत माझ्या पुष्कळ पुढे आहेत. म्हणून मी जरा मागे जाणार आहे. एखादी जुनी वस्तू किंवा जागा दूर असते, मोडकळीला आलेली असते, कधी नष्ट होण्याच्या बेतात असते. मग आपण तिचं वर्णन लिहितो, चित्र काढतो, फोटो घेतो, आता थ्रीडी स्कॅन करतो. ही प्रत आणि ती मूळ वस्तू यांचं नातं काय? प्रत हाताशी असली की मूळ वस्तूची गरज उरते का? हा प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. आपल्या वऱ्हाडात आणि आसपास तो निदान सहा-सातशे वर्षं जुना आहे. यवतमाळमध्ये तर तो आज रुळांवर उगवलेल्या गवतात उभा आहे. तिथपर्यंत आपण शेवटी जाऊ.

आधी न्यायशास्त्रातलं एक उदाहरण सांगतो. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचं त्यांचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसानं गवय कधी पाहिलेला नाही. तो रानात राहणाऱ्याला विचारतो, 'गवय कसा असतो?' तो सांगतो, 'गाईसारखा असतो.' पुढे हा माणूस रानात जातो, समोर एक जनावर उभं राहतं, गाईसारखं दिसतं पण गाय नाही. त्याला ते ऐकलेलं वाक्य आठवतं आणि कळतं, अरे, गवय म्हणतात तो हाच. गवय म्हणजे नेमका कोणता प्राणी यावर मतभेद आहेत. काही जण नीलगाय म्हणतात, म्हणजे आपला रोही. तसं असेल तर इथल्या शेतकऱ्याला रोही कसा असतो हे सांगावं लागत नाही, तो रात्रभर त्याच्यामागे धावत असतो!

आता नीट पहा. हे ज्ञान नक्की कधी झालं? वाक्य ऐकलं तेव्हा झालं नाही, तेव्हा फक्त तयारी झाली. नुसतं जनावर दिसलं असतं तरी झालं नसतं, कारण मग ते कुठलं तरी अनोळखी जनावर राहिलं असतं. आधी ऐकलेलं वाक्य आणि समोरची वस्तू यांची गाठ पडली तेव्हा ज्ञान झालं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका उदाहरणात आहे. पडदा, हेडसेट, क्यूआर कोड, ध्वनिफीत, हे सगळं 'गाईसारखा' असं सांगणारं वाक्य आहे. ते हवंच. पण पुढे रान लागतं, आणि रानापर्यंत जाणारी वाट लागते.

ही गाठ घालून देण्याचं काम मराठीत एका पोथीनं फार पूर्वी केलं. तिचं नाव 'स्थानपोथी'. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गावोगाव फिरले. म्हाइंभटांनी माणसं भेटून, विचारून त्यांच्या आठवणी गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मग महानुभावांपुढे प्रश्न आला की या लीळा घडल्या कुठे? स्थानपोथी त्याचं उत्तर देते. अमुक गावात स्वामींचा मुक्काम कुठल्या देवळात होता, त्या देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, आसन कुठे होतं, आरोगणा म्हणजे जेवण कुठे झालं, इतकं बारीक ती सांगते. त्या जागांवर ओटे बांधले गेले. आजही भाविक तिथे जातात आणि ओट्यावर डोकं ठेवतात.

आता या पोथीकडे संग्रहालयशास्त्राच्या नजरेनं पहा. ओटा म्हणजे दगड-चुन्याचा चौथरा, त्यावर पाहण्यासारखं काही नाही. पोथी घरी बसून वाचली तर ती गावांची आणि दिशांची यादी वाटते, सामान्य वाचकाला कंटाळा येईल. पण पोथी मनात आणि ओटा समोर असा माणूस उभा राहिला की त्या जागी तेरावं शतक उभं राहतं. पोथी माणसाला घराबाहेर काढते, चालायला लावते, वाकायला लावते. आज ज्याला आपण माहिती आणि प्रत्यक्ष जागा यांचा मेळ म्हणतो, तो कागद आणि शाई यांच्यावर साधलेला आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी ही पोथी संपादित केली. पुढे अभ्यासकांना तिचा असाही उपयोग झाला की आज पडलेली किंवा बदललेली यादवकालीन देवळं त्या काळी कशी होती याचा अंदाज बांधता येऊ लागला.

महानुभावांचा विषय निघाला की यवतमाळनं एक नाव विसरू नये : य. खु. देशपांडे. महानुभाव वाङ्मयाचे ते अभ्यासक, आणि इथला शारदाश्रम त्यांनी उभा केला. जुन्या पोथ्या आणि कागद जमवण्याचं काम त्या काळात एका जिल्ह्याच्या गावी बसून करणं सोपं नव्हतं. 1939 साली शेजारच्या वाशीमला एक ताम्रपट सापडला, वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा. तो प्रथम अभ्यासकांसमोर मांडणाऱ्यांत देशपांडे होते. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांची एक वेगळी शाखा तिथून राज्य करत होती, हे या ताम्रपटामुळे पक्कं झालं.

त्याचा परिणाम कुठे झाला पहा. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. झिजलेला, तुटलेला. एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या विद्वानांनी तो वाचला होता, पण त्यातली राजांची काही नावं चुकली होती. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तोच लेख पुन्हा वाचला आणि वंशावळ नीट लागली. दगड तोच होता, अक्षरं तीच होती. पण 'गाईसारखा' असं सांगणारं वाक्य वाशीमच्या मातीतून निघालं तेव्हा ती अक्षरं ओळखता आली. आणि उलटही खरं आहे. भिंतीवरचा मूळ लेख राहिला होता म्हणूनच पुन्हा वाचता आला. पहिल्या वाचनाची छापील प्रत तेवढी उरली असती, तर तिच्यातली चूकही कायमची झाली असती.

अजिंठ्याचं नाव आलंच आहे तर तिथे थोडा वेळ थांबू. अजिंठ्याची डोंगररांग तिथे संपत नाही. ती बुलढाणा, वाशीम करत आपल्या यवतमाळच्या टेकड्यांपर्यंत येते. प्रत आणि मूळ यांच्या नात्याचा दोनशे वर्षांचा इतिहास त्या एका ठिकाणी पाहायला मिळतो, आणि तो बराच दुःखद आहे.

1819 साली मद्रास फौजेतल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्यानं ही लेणी पाहिली आणि बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. चित्रं नाजूक, पाणी झिरपतं, वटवाघळं आत. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीनं ठरवलं की चित्रांच्या प्रती करून घ्याव्यात. 1844 साली रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला हे काम दिलं. गिल त्या भागातच राहिला, जवळजवळ वीस वर्षं त्यानं कॅनव्हासवर मोठमोठ्या प्रती रंगवल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि 1866 सालच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या.

मग 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कला शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नाव मिळवलेले चित्रकार त्यात होते. सुमारे तीनशे प्रती झाल्या. त्याही लंडनला, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. 1885 साली तिथेही आग लागली आणि त्यातल्या अनेक गेल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

म्हणजे मूळ चित्रं नष्ट होतील या भीतीनं प्रती केल्या, प्रती जळाल्या, आणि दीड हजार वर्षांची मूळ भिंत अजून उभी आहे! पण भिंतही सुखरूप राहिली नाही. प्रती काढताना रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश लावलं गेलं. पुढे 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी निखळणारे पापुद्रे चिकटवले, पुष्कळ वाचवलं, पण त्यांनी वापरलेलं शेलॅक पुढे पिवळं पडलं. आज आपण भिंतीवर पाहतो त्यातला काही काळपटपणा त्या काळजीतून आलेला आहे. ही साफसफाई पुढे पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं करावी लागली.

गिलच्या हातात आणखी एक साधन होतं, कॅमेरा. तोही साधा नव्हे, स्टिरिओस्कोपचा. दोन डोळ्यांसाठी दोन किंचित वेगळी छायाचित्रं, ती एका यंत्रातून पाहिली की खोली दिसते, खांब पुढे येतात. त्याची अशी छायाचित्रं 1864 साली पुस्तकरूपानं निघाली. आज शाळेतला मुलगा डोळ्यांवर हेडसेट चढवून 'लेण्यात आलो' म्हणतो. त्याच्या खापरपणजोबांच्या पिढीतला लंडनचा माणूस दिवाणखान्यात बसून हेच म्हणत होता. यंत्र बदललं, हौस तीच आहे. आणि तेव्हाही एक गोष्ट खरी होती : ते यंत्र डोळ्यांना खोली देत होतं, पण लेण्यातला गारवा, अंधाराला डोळे सरावेपर्यंत जाणारी ती दोन मिनिटं, आपल्याच पावलांचा घुमणारा आवाज, हे काही त्यात येत नव्हतं. वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंतानं 1930 च्या दशकात लिहिलं की यंत्रानं काढलेल्या प्रतीत मूळ कलाकृतीचं 'इथं आणि आत्ता' असणं हरवतं. मला वाटतं, हरवतं हे खरं, पण कधी कधी प्रत त्याची ओढही लावते. सगळा प्रश्न ती ओढ लावते की भूक मारते, एवढाच आहे.

जगात दोन्ही प्रकार घडले आहेत. फ्रान्समधलं लास्को हे चित्रांचं गुहास्थान 1940 साली सापडलं, पाहणाऱ्यांच्या श्वासानं भिंतीवर बुरशी आणि शेवाळ धरू लागलं, आणि 1963 साली ते लोकांसाठी बंद झालं. 1983 साली शेजारी हुबेहूब प्रतिकृती उघडली, 2016 साली त्याहून मोठी. तिथे प्रतीनं मूळ वाचवलं, पण मूळ आता कुणाला दिसत नाही. चीनमध्ये दुनहुआंगला वेगळी वाट काढली. 2014 पासून प्रवासी आधी एका केंद्रात लेण्यांवरचे चित्रपट पाहतात, मग मोजक्या संख्येनं, मोजक्या वेळासाठी लेण्यांत जातात. आधी वाक्य, मग रान. नैयायिकांना ही पद्धत पसंत पडली असती.

आपण काय केलं? जपानच्या अर्थसाहाय्यातून अजिंठ्याजवळ मोठं अभ्यागत केंद्र बांधलं. 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती तिथे केल्या. 2013 साली ते सुरू झालं. कल्पना चांगली होती, लोकांनी आधी इथे निवांत समजून घ्यावं आणि मग डोंगरात जावं, म्हणजे मूळ लेण्यांवरचा ताण कमी होईल. काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. लेण्यांना पाचव्या शतकापासून वीज लागली नाही, प्रतिकृतीला महिन्याच्या महिन्याला लागते. इमारतीसाठी निधी मिळतो, रोज सकाळी दार उघडणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद राहून जाते.

डिजिटल प्रतीचंही असंच आहे. फाईल जळत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. पण वीस वर्षांपूर्वीच्या सीडी आज कुठल्या यंत्रात घालणार? संकेतस्थळाचं भाडं भरलं नाही की एका रात्रीत ते जातं. पोथीला वाळवी लागली तर अर्धी तरी उरते, बिघडलेली फाईल बहुधा अजिबातच उघडत नाही. म्हणून प्रतीलाही पुजारी लागतो.

तंत्रज्ञान टाळावं असं मी मुळीच म्हणत नाही. पुण्याच्या सी-डॅकनं 'जतन' नावाची प्रणाली केली. संग्रहालयातल्या वस्तूंची छायाचित्रांसह नोंद होते आणि राष्ट्रीय संग्रहालयांतल्या वस्तू घरबसल्या पाहता येतात. कोठारात वर्षानुवर्षं बंद राहणाऱ्या वस्तूसाठी ही मोठी सोय आहे. चोरी झाली तर ओळख पटवायला नोंद असते, हाही फायदा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं 2015 पासून बसमधून फिरतं संग्रहालय सुरू केलं. आत पडदे आहेत, टॅब आहेत, आणि मांडलेल्या वस्तूही आहेत. ती बस शाळेच्या पटांगणात येऊन उभी राहते. ज्या मुलाला मुंबई दूर आहे त्याच्याकडे रानच चालत जातं. मला ही कल्पना फार आवडते. आमच्या विदर्भातली जुनी माणसं नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला 'अजब बंगला' म्हणतात. 1863 सालचं ते. 'अजब' या शब्दात संग्रहालयाचं अर्धं काम आलं. आधी आश्चर्य वाटायला हवं, प्रश्न मग सुचतात.

आता यवतमाळकडे येऊ. इथे किल्ला नाही, लेणी नाहीत, मग जपायचं काय, असं लोक विचारतात. मी म्हणतो, शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ, सुमारे 113 किलोमीटरचा अडीच फुटी रुळांचा मार्ग, दारव्हा-कारंजा करत जाणारा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो टाकला. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, या मार्गाची मालकी मात्र खासगी कंपनीकडेच राहिली. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1994 सालच्या एप्रिलपर्यंत ही गाडी ओढत होतं. मधल्या अनेक स्थानकांवर कर्मचारी नसत, गार्डच उतरून तिकिटं देई. गाडी हळू होती, पण गरिबाला परवडत होती. गेली काही वर्षं ती बंद आहे. गाडी सुरू व्हावी, रुंदीकरण व्हावं म्हणून लोकांनी आंदोलनं केली. तिकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा रुंद मार्ग होतो आहे, 2024 साली वर्धा ते कळंब गाडी सुरूही झाली.

शकुंतलेचे व्हिडिओ इंटरनेटवर पुष्कळ आहेत. धूर, शिट्टी, हिरवी शेतं, मागे गाणं. पाहायला गोड वाटतं. पण ही गाडी आली कशासाठी? कापसासाठी. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी वऱ्हाडाकडे मोर्चा वळवला. पुढे गावोगाव जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने झाले. त्यांतल्या गाठी मुख्य मार्गापर्यंत पोचवायला ही छोटी गाडी टाकली. कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मुंबईहून मँचेस्टरला. यवतमाळच्या शेतकऱ्याचा भाव दूरच्या बाजारात ठरायला लागला, तो या रुळांवरून. तो अजूनही दूरच ठरतो.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्याचं नाव देशाला शेतकरी आत्महत्यांमुळे माहीत झालं, तिथे संग्रहालयावर आणि पडद्यांवर पैसे घालायचे? माझं उत्तर असं, की शकुंतलेचं संग्रहालय म्हणजे गाडीच्या आठवणींचं कौतुक असेल तर घालू नयेत. पण ते कापसाच्या व्यवहाराचं संग्रहालय असेल, तर तो त्या शेतकऱ्याचाच इतिहास आहे, आणि तो त्याला कुणी सांगितलेला नाही.

त्याला फार मोठी इमारत लागणार नाही. यवतमाळ स्थानकातली एक खोली, बाहेर रुळांचा एखाद-दोन फर्लांगाचा तुकडा जागच्या जागी ठेवलेला, आणि एक डबा. डब्यात मुलांना बसू द्यावं, बाक किती अरुंद ते अंगाला कळू द्यावं. कापसाची एक गाठ ठेवावी आणि तिला हात लावू द्यावा. ती कशी दाबली जाते आणि किती जड होते हे पडद्यावर कळत नाही, हात लावल्यावर कळतं. पडद्यानं मग त्याचं काम करावं. त्या गाठीचा प्रवास नकाशावर दाखवावा, त्या काळचा भाव सांगावा आणि शेजारी आजचा बाजार समितीतला भाव रोज बदलत दाखवावा. या मार्गावर काम केलेले गँगमन, गार्ड, स्टेशनवर हमाली केलेली माणसं आज म्हातारी आहेत. त्यांचे आवाज आत्ता, या वर्षी, ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. रूळ गंजायला वेळ लागतो, माणसाची आठवण तेवढी वाट पाहत नाही. म्हाइंभट माणसं हयात असताना त्यांच्याकडे गेले म्हणून लीळाचरित्र झालं. मोबाईल तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे, तुमच्यातल्या कुणीही हे काम उद्यापासून सुरू करू शकतो.

एक सावधगिरी मात्र हवी. असे प्रकल्प होतात तेव्हा सगळ्यात आधी मोजणी होते, स्कॅन होतं, आणि मग कुणीतरी म्हणतं, 'आता सगळी नोंद झाली आहे, जागा मोकळी करायला हरकत नाही.' नोंद ही जागा पाडण्याची परवानगी होऊ लागते. हे होऊ देऊ नका. पूर्ण मार्ग ठेवा असा माझा हट्ट नाही. लोकांना गाडी हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. पण दाखवायला मूळ वस्तूचा एक तुकडा तरी जागेवर असू द्या.

मिराशींना भिंतीवरची अक्षरं सापडली, कारण कुणीतरी ती भिंत राहू दिली होती. शकुंतलेबद्दल आज आपण जे बोलतो आहोत त्यात चुका असतील, आपल्याला न सुचलेले प्रश्न असतील. पन्नास वर्षांनी कुणी पोर ते प्रश्न घेऊन येईल. त्याच्या हातात आजच्यापेक्षा कितीतरी चांगलं यंत्र असेल. ते यंत्र त्यानं कशावर धरायचं, एवढं आपण शिल्लक ठेवलं पाहिजे.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि ज्यांच्या घरी शकुंतलेचं जुनं तिकीट असेल, त्यांनी ते रद्दीत टाकू नये, एवढी विनंती.